केप पॉइंटवरचा मंगळवार

दक्षिण आफ्रिकेत मुलीकडे गेले तेव्हा जावयाने रोजची एक सहल ठरवून ठेवली होती. केप टाउनच्या खाली जमिनीचं लांब नाक समुद्रात घुसलंय, ते मला पुरतं दाखवायचंच असा त्याचा हट्ट. जावई आमच्याच रायपूरच्या चौबे कॉलोनीतला. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या धामधुमीत स्थळ आलं, परदेशातली नोकरी ऐकून आम्ही हुरळलो.

पहिल्या दिवशी पेंग्विन पाहिले. लोक त्यांना गोड म्हणत होते, मला मात्र ते एकमेकांना चोचीने फोडताना दिसले. दुसऱ्या दिवशी समुद्र खडकांवर असा आदळत होता की बोलायला ओरडावं लागे. सुंदर होता, पण चिडलेला होता. मला तो आवडला नाही.

केप पॉइंटला गेलो तो मंगळवार. रायपुरात मारुतीचा वार मंगळवार आणि आमच्या मूळच्या विदर्भात शनिवार, म्हणून मी दोन्ही पाळते. पुरानी बस्तीतल्या मंदिराबाहेर माकडांना फुटाणे घातल्याशिवाय माझा मंगळवार होत नाही. इथे गाड्या लावायच्या जागी भलंमोठं बबून माकड बसलेलं दिसलं आणि माझा हात आपोआप पर्समधल्या फुटाण्यांकडे गेला. खायला घालू नका अशी पाटी होती, चित्रासकट. पण पाटीचं मी रायपुरात कधी ऐकलं नाही, इथे काय ऐकणार! फुटाणे तळहातावर घेऊन, रामाचं नाव घेत मी वाकले.

त्याने फुटाण्यांकडे पाहिलंही नाही, पर्सवरच झेप घेतली. मी पडले. मी पर्स सोडेना, तर त्याने हातात दात रोवले. बाही रक्ताने भिजली. जावई डिकीतून चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन धावला. पहिल्याच फटक्याला माकडाने पर्स टाकली आणि ते लंगडत पळालं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हा मागे धावला, कठड्याशी त्याला गाठलं आणि ते किंचाळत असताना शिव्या देत मारतच राहिला. शेवटी ते कठड्याखालच्या झुडपांत घरंगळलं.

टॉमी परत डिकीत ठेवायला तो आला. मुलगी गाडीपाशी माझ्या हाताला ओढणी बांधत होती. तो जवळ येताच तिने ओढणी सोडली आणि कोपर उचलून कान झाकला. विचार करून नव्हे. डोळ्यांवर ऊन आलं की आपण हात धरतो, तसं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी उठले आणि त्याच रक्ताळलेल्या हाताने जावयाच्या थोबाडीत दिली. रक्त त्याच्या गालावर उमटलं. माणसं जमली होती, म्हणून त्याने नुसतं डिकीचं झाकण आपटलं.

मुलीने रुमाल काढला आणि आधी त्याचा गाल पुसला.

त्याच्या मारण्यापेक्षा मला याचा जास्त राग आला. मी तिला दंड धरून बाजूला ओढलं. "काहून पुसून राहिली त्याले? हा कधीपासून मारून राहिला तुले?"

तिला मराठी समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. "मम्मी, आप तो चले जाओगे," ती हळूच म्हणाली. "मार तो मुझे पड़ेगी."

"नाही जात मी," मी म्हटलं. "जाईन तं तुले घेऊनच जाईन."

परतीचं विमान मी जाऊ दिलं. हाताला टाके पडले होते, तरी त्या दिवसापासून मुलीच्या पलंगावर तिच्याशेजारी झोपले आणि जावयाला बाहेरचा सोफा दाखवला. त्याने आवाज चढवला तेव्हा मीही चढवला, शेजारचे दारात येईपर्यंत. आम्ही दोघी विमानात बसेपर्यंत हे असंच चाललं. डिकीतून काढून आणलेली टॉमी माझ्या उशाशी असायची.