मनोरमाताईंकडे असणारच

वसई-विरारच्या औषधवाल्यांत एक वाक्य म्हणीसारखं चालायचं: कुठेच मिळालं नाही, तर मनोरमाताईंकडे असणारच. हे कानावर पडलं की मनोरमाताई "कसलं काय!" म्हणून हात झटकायच्या, पण तो अख्खा दिवस त्यांना बरा जायचा. कौतुक कोणाला नको असतं? त्यात काही गैर नाही. गैर पुढे घडलं.

गोखिवऱ्याला ज्युडसरांचं औषधांचं गोदाम आहे. नायगावपासून विरारपर्यंत त्यांची जी काही दुकानं आहेत, त्यांना माल इथूनच जातो आणि या गोदामाच्या चाव्या कित्येक वर्षं ताईंच्या कमरेला आहेत. ताईंचं माहेर वाघोलीचं, केळी-पानवेलींच्या वाडीतलं. त्या घरात रोजचे तांदूळ धुवायला घेण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात जायची. अवेळी पाहुणा आला तर घराची अब्रू त्या मडक्यावर. त्यात किती आहे हे कोणी मोजायचं नाही, पुरुषांनी तर विचारायचंही नाही. ताईंनी हीच रीत गोदामात आणली. औषधकंपन्या ठरावीक नगांवर एखादा नग फुकट देतात. तो स्कीमचा माल. त्यातला थोडा ताई कुठेही न लिहिता मागच्या फळीवर सारून ठेवायच्या. स्वतःसाठी एक गोळीही नाही, हे खरंच. पण कोणी रडकुंडीला येऊन दारात उभं राहिलं, की ताई आत जायच्या आणि पदराआडून औषध काढून द्यायच्या. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या पाण्याची त्यांना चटक लागली होती, हे त्यांना फार उशिरा कळलं.

मग जूचंद्रची नेत्रा कामाला लागली. पोरगी हुशार, बोलायला गोड आणि कामाला वाघ. तिने खोक्याखोक्यावर पट्टी चिकटवली. कुठलं औषध, कुठल्या खेपेचं, कधी आलं, कुठल्या फळीवर बसलं, कुठल्या दुकानाला गेलं, सगळं संगणकात. इन्सुलिनच्या थंड कपाटात तर एक यंत्र बसवलं. कपाट जरा गरम झालं तर तिच्या मोबाइलवर बोंब. विक्री बघून पुढच्या महिन्याची मागणीही संगणकच सांगायचा.

"ताई, प्लीज, एकही बॉक्स एंट्रीशिवाय आतबाहेर करू नका हां," नेत्राने पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "एक जरी सुटला ना, तर पुढचं सगळं खोटं दिसायला लागतं."

"हो गं बाई," ताई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, कालची पोर, हिच्या आधी आम्ही काय इथे गवत उपटत होतो?

खोकी मोजली जाऊ लागली, तशी मागची फळी रिकामी करावी लागली. गोळ्या ताईंनी टेबलाच्या खणात हलवल्या. इन्सुलिनचा प्रश्न होता. ते थंडच हवं, म्हणून आजवर थंड कपाटातच मागे असायचं, पण तिथे आता नेत्राचा पहारा. ताईंनी ते चहाच्या दुधाच्या फ्रिजमध्ये ठेवलं, पिशव्यांच्या मागे, अगदी आत, कोणाचा हात पोचणार नाही अशा बेताने. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईने हे करावं! पण लपवायचं ठरलं की माणसाची अक्कल लपवण्यातच खर्ची पडते.

अर्नाळ्याचे गंगारामदादा त्याच सुमाराला आले. पूर्वी होडीवर जायचे, आता किनाऱ्यावर बसून जाळी विणतात. रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. विरारच्या दुकानात ते संपलं होतं, म्हणून म्हातारा थेट गोखिवऱ्याला आला. नेत्राने पडद्यावर पाहिलं. "शिल्लक शून्य आहे काका. दोन दिवसांत येईल."

नेत्रा जेवायला गेली आणि ताई फ्रिजकडे गेल्या. आतली एक बाटली काढून त्यांनी बर्फाच्या पिशवीत बांधून दादांच्या हातात दिली. विरारला माल आला की दुकानातून दादांच्या नावावर एक बाटली घेऊन ताई ती दिलेल्या बाटलीच्या जागी फ्रिजमध्ये ठेवणार होत्या. नेहमीची रीत.

"कोणाला बोलू नका मात्र," ताई म्हणाल्या.

"मी कशाला बोलू? ताई, तू हायेस म्हनून आमी हाव."

त्या दुपारी ताईंना चहा जरा जास्तच गोड लागला.

काही दिवसांनी गंगारामदादा किनाऱ्यावर चक्कर येऊन पडले. साखर भलतीच चढली होती. विरारच्या इस्पितळात त्यांना ठेवलं. डॉक्टरांना शंका आली, औषधात तर दोष नाही? त्यांनी ज्युडसरांना विचारलं, सरांनी नेत्राला. नेत्राने सगळा माग काढला. दादांच्या नावची बाटली गोदामातून निघून विरारच्या दुकानातून बाहेर पडेपर्यंत एकदाही गरम झाली नव्हती की गोठली नव्हती. औषध चोख. सरांनी पोरीची पाठ थोपटली. डॉक्टर म्हणाले, मग पथ्य मोडलं असणार.

ताई तिथेच उभ्या होत्या. संगणकातली ती बाटली दादांनी कधी पाहिलीही नव्हती. ती आत दुधाच्या मागे पडून होती.

सगळे पांगल्यावर त्यांनी फ्रिज उघडला. मागच्या पत्र्यावर बर्फ साचला होता आणि बाटलीचं खोकं त्या बर्फात रुतलं होतं. ओढलं तर पुठ्ठा फाटून हातात आला. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी पाण्याच्याच लायकीचं उरतं, हे ताईंनीच दुकानांतल्या पोरांना कितीदा बजावलं होतं. दादांना दिलेली बाटलीही इथूनच काढली होती. तरी त्या बोलल्या नाहीत. दादा बरे होताहेत, आता सांगून काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भ्याड माणसाला समजूत लवकर पटते.

मग दादांची बायको, मथुरावहिनी, औषध न्यायला आली. तिच्या घरात वेगळीच आग लागली होती. दादा पडले त्याच आठवड्यात पुतणीची हळद झाली होती.

"चोरून जिलबी खाल्ली त्यानं, ताई. वर नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, खाल्ली नाय म्हनून! पोराच्या डोक्यावर खोटी शपथ! नातवाला मी त्याच्याजवळ जाऊ देत नाय आता. किनाऱ्यावर समदी जिलबीचोर म्हनतात त्याला. तू तरी समजाव."

म्हाताऱ्याने अजूनही ताईंचं नाव काढलं नव्हतं. कोणाला बोलू नका म्हटलं होतं, ते तो पाळत होता आणि त्यापायी आपल्याच घरात खोटारडा ठरला होता. "समजावते," एवढंच ताई पुटपुटल्या. वहिनी गेल्यावर मोरीत जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना.

पुढच्या महिन्याची मागणी काढताना नेत्रा सहज म्हणाली, "विरारला इन्सुलिन वाढवायची गरजच नाहीये, ताई. काकांची ती एक वेळ सोडली, तर तिथे कोणी रिकाम्या हाताने परत गेल्याचं दिसतच नाही."

ताईंनी डोळे मिटले. दिसणार कसं? तिथे कमी पडलं की लोक इथे यायचे, आणि ताई गुपचूप भागवून टाकायच्या. कमी पडतंय हे त्यामुळे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून दर महिन्याला कमीच पडत होतं. ज्या अडचणीतून सोडवलं म्हणून लोक पाया पडायचे, ती अडचण ताईच पोसत होत्या.

त्यांनी नेत्राला सगळं सांगितलं. फ्रिज, बर्फ, दादा, सगळं. पोरगी चिडेल, ज्युडसरांकडे धावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने उठून दुधाचा फ्रिज उघडून पाहिला. मग म्हणाली, "सरांना आपण सांगू. पण काकांना सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी ताई अर्नाळ्याला गेल्या. दादा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, अंगाने निम्मे झालेले. ताईंनी वहिनीला बोलावून दोघांसमोर सांगितलं. एकदाही वर न बघता सांगितलं.

वहिनी दादांच्या शेजारी येऊन बसली. "शपथ खरी व्हती त्याची," ती स्वतःशीच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तू बोलला का नायस रे?"

"ताई बोलू नको म्हनाली व्हती," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना जरा तरी सोसलं असतं.

वहिनी उठली. "ताई, हितं चार भिंतीत सांगून काय व्हनार? ह्याला जिलबीचोर म्हननारी तिकडं बसल्यात. तिकडं चल."

किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि बाया ते उलटेपालटे करत होत्या. ताईंना बघून सगळ्यांचे चेहरे खुलले. कोणी बसायला पाट दिला. ताई बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलल्या. गंगारामदादांनी काही खाल्लं नव्हतं. मी दिलेलं औषध खराब होतं. मी ते थंड कपाटातून काढून दुधाच्या फ्रिजमध्ये चोरून ठेवलं होतं, तिथे ते गोठलं.

मग पलीकडून लिडिया पुढे आली. तिची सासू गेल्या पावसाळ्यात साखरेच्याच दुखण्याने गेली होती. अर्नाळ्यात ताईंचं नाव सगळ्यांत जास्त तीच घ्यायची.

"ताई, दुकानात नव्हतं तवा माझ्या सासूला पन तूच दिलेलंस," ती म्हणाली. "ते कुठलं व्हतं? कपाटातलं, का त्या फ्रिजातलं?"

ताई आठवू लागल्या. पावसाळा. तेव्हा यंत्र बसलं होतं का? इन्सुलिन फ्रिजमध्ये हलवलं ते त्या पावसाळ्याच्या आधी की नंतर? किती जणांना दिलं, कधी दिलं, कुठून काढून दिलं, यातलं काहीच त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही, लिडिया," त्या म्हणाल्या.

लिडिया त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि मनोरमाताईंकडे तिला द्यायला काहीच नव्हतं.