वस्त्रगाळ पीठ

वहिनींचा फोन सकाळी आला. पलीकडून नुसताच हुंदका ऐकू आला आणि माझ्या तोंडून, जुन्या भयाने घडवलेला प्रश्न आपोआप बाहेर पडला, "वहिनी, कुठल्या कप्प्यातली हंदी गेली?" आम्हा म्हैसूरकर मराठी माणसांच्या घरांत डुकराला हा कन्नड शब्दच रुळलेला आहे. वहिनी म्हणाल्या, "हंदी न्हवे हो भावजी... तुमचे अण्णा." झोपेतच त्यांचे हृदय थांबले होते. त्या घटनेला आता काही आठवडे लोटले आहेत. तरीही त्यांच्याविषयी लिहायला बसलो की प्रथम दुःख येत नाही, धास्ती येते. त्यांच्या सहवासातली अखेरची वर्षे धास्तीचीच होती.

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. आमचे घराणे रंगाऱ्यांचे. कापड रंगवण्याचा धंदा माझ्या लहानपणीच उतरणीला लागला होता, पण त्याचा एक दंडक घरात टिकून राहिला : पूड वस्त्रगाळ हवी. रंगाचा एखादा जाडसर कण राहिला तर कापडावर डाग उमटतो. म्हणून वाटायचे, चाळायचे, फडक्यातून गाळायचे, पुन्हा वाटायचे. अण्णांचे बोट या कामात इतके तयार झाले होते की चिमटीत धरताच त्यांना कण जाणवत असे. पुढे धंदा मिटला आणि अण्णांनी बन्नूरच्या वाटेवर थोडी जमीन घेऊन पांढरी डुकरे पाळली. नातलगांत मोठीच खळबळ उडाली. आत्याने तर भर लग्नात सुनावले, "रंगाऱ्याचा लेक तू, आता हंद्यांना न्हाऊ घाल!" अण्णा हसून म्हणाले, "आत्ते, कापडानं कधी मला बघून उडी मारली न्हाई. ह्या मारतात, काय करू?"

...आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी एक तरणी मादी पांढरी पडली. पांढऱ्या जनावराचे पांढरे पडणे लवकर ध्यानात येत नाही. कानांची गुलाबी झाक जाते, ओठ मेणासारखे दिसू लागतात. ती दात करकरा चावत कोपऱ्यात उभी राही. शेण डांबरासारखे काळे पडले होते. सकाळी ती मेलेली आढळली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानंतर दुसरी गेली, मग एक नर गेला, तोही आदल्या संध्याकाळी नेहमीचा बारीक दळलेला दाणा खाऊन. त्या सुमारास डुकरांच्या साथीच्या तापाची बोलवा सगळीकडे होती. हा ताप एका जनावरात सापडला की सगळा कळप मारून खड्ड्यात पुरतात, हे आसपासच्या प्रत्येकाला ठाऊक होते. मी बसने भेटीला गेलो तर अण्णांनी फाटक उघडले नाही. गजांपलीकडून म्हणाले, "तू इथनंच परत जा. पायाला लागून कुठं जाईल ते, सांगता येत न्हाई." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. शेजारचा शेतकरी रस्ता ओलांडून पलीकडून चालला होता. आत मात्र वहिनी आणि अण्णांचा गडी एक जुने धोतर चार कोपऱ्यांनी ताणून उभे होते आणि त्यातून मक्याचे पीठ खाली झरत होते. "पोट नाजूक झालंय रे हंद्यांचं," अण्णा म्हणाले. "बाळाला देतो तसं द्यायचं. दोनदा दळतोय, मत्ते पुन्हा गाळतोय." पुढे रोज ते पीठ अधिक मऊ होत गेले, आणि जनावरे अधिक पांढरी.

अखेरीस वहिनींनीच सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्य बाईंना बोलावले. अण्णा तयार नव्हते. त्यांच्या मते त्या बाई म्हणजे खड्ड्याची पहिली कुदळ. वहिनींनी मलाही सोबतीला बोलावून घेतले होते. डॉक्टरबाईंनी नुकतेच मेलेले जनावर झाडाखाली उघडले. पोट साकळलेल्या रक्ताने भरले होते आणि अन्ननलिका जिथे त्यात उतरते तिथले अस्तर झिजून मोठा व्रण पडला होता. "तपासणीसाठी नमुने पाठवावेच लागतील," त्या म्हणाल्या, "पण मला ही साथ वाटत नाही. दाणा दाखवा." त्यांनी पीठ बोटांवर चोळले. "हे काय अण्णा? लग्नात तोंडाला लावायची पावडर?" मग त्यांनी समजावून सांगितले. फार बारीक दळलेला दाणा डुकराच्या पोटात पातळ होऊन ढवळला जातो आणि आम्ल वर त्या नाजूक जागेपर्यंत पोहोचते. भरड दाणा आणि थोडा पेंढा असला तर ते खाली राहते. जनावर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरते. अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. "म्हणजे मी औषध म्हणून जे देत होतो..."

नमुन्यांत ताप निघाला नाही. कळप वाचला. चक्कीला मोठ्या भोकांची जाळी बसली, कप्प्यांतली गर्दी कमी झाली, पेंढा पडू लागला, मरणे थांबली. अण्णांची भीती मात्र थांबली नाही. एकदा मला म्हणाले, "ताप असता तर बाहेरनं आला म्हटलं असतं. हे माझ्या हातातनं गेलं." पुढे वहिनींनी ताटात वाढलेल्या मऊ भाताकडेही ते संशयाने बघत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी शेडवर गेलो. दाण्याची वेळ झाली होती आणि चक्की वहिनींनीच चालवली. अण्णांची एक सवय मला त्या संध्याकाळी प्रथमच कळली : दळलेल्या भरडीची मूठ घट्ट आवळायची आणि सगळी जनावरे गव्हाणीशी येईपर्यंत ती सोडायची नाही. "टोचत राहिलं पायजे म्हणायचे," वहिनी मूठ आवळत म्हणाल्या. गड्याने दाण्याची घंटा वाजवली. डुकरे धडपडत, ओरडत आली. भिंतीपाशी एक मादी तशीच पडून राहिली. आम्ही दोघेही तिच्या कानांकडे पाहत होतो. मावळत्या उजेडात रंग ओळखू येत नव्हता. "ऊठ गं," वहिनी पुटपुटल्या, "ऊठ, अम्मा..." बऱ्याच वेळाने तिने मान हलवली, आळसावत पुढचे पाय टेकले आणि गव्हाणीत तोंड घातले. तेव्हा कुठे वहिनींनी मूठ उघडली. भरडीचे दाणे तळव्यात रुतून बसले होते. ते त्यांनी झटकले नाहीत.