दीडच्या काकू

डोंगरावरून परत फिरण्यात आमच्या काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. माथा गाठणारे पुष्कळ भेटतात; त्यांचे फोटो असतात, फुशारक्या असतात. काकूंची कीर्ती उलटी होती. हॉलंडमधल्या आइंडहोव्हनहून नऊ तास गाडी चालवत ऑस्ट्रियात जायचं, सकाळी केबल कारने अर्धा डोंगर चढायचा, पुढे तीनेक तास पायी चालायचं, मग वरची लाकडी हट दिसू लागायची, तिच्या खिडक्यांतल्या लाल फुलांच्या कुंड्या मोजता यायच्या, आणि नेमके दीड वाजायचे. काकू हातातली काठी जमिनीत रोवून म्हणायच्या, "चला, फिरा." त्यापुढे अपील नाही. त्यामुळे आइंडहोव्हनच्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि त्या दीडच्या काकू झाल्या.

तशा त्या कोणाच्याच काकू नव्हत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पुण्यामुंबईहून नवीन आलेली आमच्यासारखी जोडपी त्यांना बिनदिक्कत काकू म्हणू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काका नसताना काकू होता येतं. या देशात सगळं चालतं." मूळच्या मिरजेच्या. चिप बनवायच्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणीला होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून दिवसभर भाग तपासायचे आणि केसाएवढी खोट दिसली की परत पाठवायचे. "मी 'नाही' म्हणायचा पगार घेते," असं त्या सांगत. डोंगरावर तेच काम त्या फुकट करत.

दीडचं गणित सोपं होतं. खाली जाणारी शेवटची केबल कार पाचची. चढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरायला लागतो असं धरायचं, वर थोडा हाताशी ठेवायचा. उतरणं सोपं असतं असं कोणी म्हणालं की काकू त्याच्या गुडघ्यांकडे बघत. "चढताना हौस चालते, उतरताना हाडं चालतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरा नियम असा, की एकत्र निघालो तर एकत्रच परतायचं. तरण्याताठ्यांनी पुढे पळायचं आणि म्हाताऱ्यांना दगडावर बसवून ठेवायचं, हे त्यांना मुळीच खपत नसे. आमच्यातला एकजण एकदा म्हणालादेखील, की काकू आणि इथला हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, सारखेच, काहीही दुखणं घेऊन जा, दोघंही घरी जा म्हणून सांगतात. काकू मनापासून हसल्या आणि दीड वाजता त्यालाही घरी पाठवलं.

आता सपाट देशात राहून डोंगराची तयारी करायची कशी? काकूंनी स्टेशनजवळची सात मजली पार्किंगची इमारत शोधून काढली होती. मे महिन्यात दर शनिवारी आम्ही पाठीवरच्या सॅकमध्ये पाच पाच किलो तांदूळ घालून तिचे जिने चढत-उतरत असू. तिथल्या रखवालदाराने एकदा अडवून विचारलं, की हा काय प्रकार आहे. डोंगराचा सराव आहे, असं काकूंनी त्यांच्या मिरजेच्या वळणाच्या डचमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "बाई, आपल्याकडे डोंगर नाहीत." काकू म्हणाल्या, "म्हणूनच तर." पुढच्या शनिवारपासून तो आमच्या फेऱ्या मोजायला लागला.

डब्याबाबत त्या तितक्याच कडक होत्या. त्याला कारण आम्हीच. पहिल्या वर्षी एका हटच्या अंगणात आम्ही बाकांवर बसून धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही असा थाट मांडला. हट चालवणारी बाई बाहेर आली आणि हाताची घडी घालून नुसती उभी राहिली. त्यांच्या बाकावर त्यांचंच खायचं असतं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनी तिची माफी मागितली, डबे बंद करवले आणि भरल्या पोटी आम्हा अकरा जणांना एकेक वाडगा सूप प्यायला लावलं. तेव्हापासून डबा अकरा वाजता वाटेतच उघडायचा असं ठरलं.

बाकीच्या हट कधी ना कधी झाल्या, पण एक त्यांना कधीच मिळाली नाही. वर एक हिरवं तळं, मागे बर्फाचा सुळका, असं तिचं चित्र काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होतं. वर्ष संपलं तरी त्यांनी ते पान उतरवलं नव्हतं. पहिल्यांदा गेल्या तेव्हा एकाच्या नव्याकोऱ्या बुटाचा तळ सुटला. दुसऱ्यांदा ढग गडगडायला लागले. तिसऱ्यांदा माझे बाबा आडवे आले.

बाबा तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. निवृत्त पोस्टमास्तर, तरुणपणी सह्याद्रीतले बरेच गड पायाखाली घातलेले. आइंडहोव्हनमध्ये त्यांचा जीव रमेना. "इथं बोलायला माणूस नाही आणि बघायला चढ नाही," म्हणायचे. आमची मुलगी इरा त्यांच्याशी बोलायची, पण ते मराठीत विचारायचे आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरवून ठेवली होती; परत गेल्यावर लगेच. म्हणजे हा शेवटचा चढ, हे आम्हा सगळ्यांना न बोलता माहीत होतं. त्या तळ्यापाशी बसून एक कप कॉफी प्यायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी शब्द दिला होता.

बाबा जिद्दीने चढले, पण हळू चढले. पिवळ्या पाटीवर हट वीस मिनिटं लिहिलेली होती, तिथे दीड वाजले. कुंड्या दिसत होत्या. काकूंनी काठी रोवली.

"बाई, वीसच मिनिटं राहिलीत," बाबा म्हणाले.

"वीस पाटीची, मास्तर. तुमची चाळीस. आणि तेवढीच परत इथवर यायला. तेवढा वेळ माझ्यापाशी नाही."

माझी बायको म्हणाली, "काकू, मी थांबते बाबांजवळ. तुम्ही तरी जाऊन या, तिसरी खेप आहे तुमची."

"तिकडे काय सोनं वाटतायत?" काकू म्हणाल्या आणि वळल्यासुद्धा.

बाबा जरा वेळ हटकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "पोस्टाची खिडकी वेळ झाली की मी बंद करायचो. रांगेत माणसं असताना करायचो. चल." ते उतरायला लागले. रांगेतल्या माणसासारखा मीच तिथे घुटमळत राहिलो.

उतरताना सुट्या दगडांच्या पट्ट्यात बाबांचा उजवा गुडघा धरला. मग काकू त्यांच्या पुढे झाल्या, बाबांचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि एकेक पाऊल मोजत त्यांना खाली आणलं. केबल कारपाशी पोचलो तेव्हा पाचला अकरा मिनिटं कमी होती. काकूंचं बरोबर होतं हे मला स्वच्छ दिसत होतं. राग त्यामुळेच जास्त आला. खाली गाडीपाशी मी त्यांना म्हणालो, "तुमच्या दीडपायी माझ्या वडिलांचं एवढंसं मागणं राहून गेलं."

"मागण्यांचं मी बघत नाही रे," त्या म्हणाल्या. "माणूस खाली आणला की माझं काम संपलं."

बाबा परत गेले. मी काकूंशी बोलणं टाकलं. गणपतीत मी त्यांना बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनी माझ्या ताटात न मागता दोन मोदक वाढले. पार्किंगच्या जिन्यांवर मी त्या वर्षी फिरकलोच नाही. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. मग एकदा फोनवर बाबा सहज बोलून गेले, "काकू म्हणतात आता काठी सोडा." चौकशी केली तर कळलं, की शस्त्रक्रियेपासून दर रविवारी काकूंचा पुण्याला फोन जात होता. आज किती पायऱ्या, उतरताना कोणता पाय आधी, दुखलं की नुसतं अवघडलं, अशी सगळी तपासणी. मी म्हणालो, "मला कोणी सांगितलं नाही." बाबा म्हणाले, "तुझं भांडण तू सांभाळ. माझ्या मास्तरीणबाईंना त्यात ओढू नकोस." त्या संध्याकाळी मी सायकल काढून काकूंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि कसलाही विषय न काढता माझ्यापुढे पोहे ठेवले.

गेल्या वर्षी काकू निवृत्त झाल्या आणि मिरजेला बहिणीकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं: तळ्याच्या हटला जायचं, आम्ही तिघं आणि तुम्ही, पहिल्या केबल कारने. एरवी वादाला तयार असलेल्या काकू "बरं" म्हणाल्या. वाटेत इरा मधूनच "इक बेन मू" म्हणाली, म्हणजे मी दमले. काकूंच्या चेहऱ्यावर लगेच परतीची तयारी दिसली. इराने ती ओळखली असावी, कारण ती चक्क मराठीत म्हणाली, "दमले, पण येते." आणि पुढे पळाली.

हटच्या अंगणात पोचलो. तळं कॅलेंडरवरच्यापेक्षा लहान होतं आणि हिरवं मात्र तसंच. काकू एका बाकाच्या कडेला टेकल्या, पाठीवर सॅक तशीच. घड्याळाकडे दोनदा बघून झालं. "बघितलं," त्या म्हणाल्या. "छान आहे. निघू या?"

मी घाबरत घाबरत बाबांना व्हिडिओ कॉल लावला. जिथे त्यांना नेऊ शकलो नाही ती जागा दाखवायची म्हणजे जखमेवर मीठ, असं मला वाटत होतं. बाबांनी तळं बघितलं, सुळका बघितला, कुंड्या बघितल्या. मग म्हणाले, "काकूंकडे दे."

काकूंनी फोन घेतला.

"किती वाजले तिथं?" बाबांनी विचारलं.

"अकरा वीस."

"मग ती सॅक काढा पाठीवरची आणि बसा निवांत."

काकूंनी सॅक काढली. इतक्या वर्षांत डोंगरावर त्यांची पाठ मी पहिल्यांदाच मोकळी बघितली. त्यांनी फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला, आतल्या बाईला दोन बोटं दाखवून कॉफी मागवली आणि एक कप बाबांपुढे ठेवला. आपली कॉफी त्या तळ्याकडे बघत प्यायल्या. मग बाबांपुढचा कप स्वतःकडे ओढला.

"मास्तर, गार होतेय," त्या म्हणाल्या. "तुमची मीच पिते." आणि घोट घोट करत, कसलीही घाई नसल्यासारखं, त्यांनी ती संपवली.