नाकी नऊ

बसस्थानकावर तिला सगळे माईकताई म्हणायचे. चेहरा फार थोड्यांनी पाहिलेला, पण आवाज साऱ्या शहराच्या ओळखीचा. फलाटांच्या वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला काचेची एक केबिन होती. तिथे बसून ती दिवसभर सांगायची, कुठली गाडी कुठे लागतेय, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, कुणाची छत्री सापडलीय. शब्द असा टाकायची की शेवटच्या बाकावर डुलकी घेणाराही टुणकन उठून पिशवी सावरायचा. ड्रायव्हर म्हणायचे, "ताईने गाडी पुकारली की इंजिनालाही कळतं, आता निघायलाच हवं." ती हसण्यावारी न्यायची, पण मनातून तिला ते पटलेलं असायचं.

घोळ व्हायचा तो झाडं फुलली की. स्थानकाबाहेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच झाडं होती. वारा सुटला की त्यांच्या तुऱ्यांतली पिवळी पूड उडायची, बसच्या काचांवर बसायची, फलाटावर पसरायची आणि जिना चढून थेट माईकताईच्या नाकात शिरायची. मग एकामागून एक शिंका, डोळ्यांची आग, आणि नाक असं चोंदायचं की जणू कुणी दोन्ही बाजूंनी बूच ठोकलंय. गोळी घेतली तर शिंका थांबायच्या, पण ती माईकसमोर पेंगायला लागायची. आणि नाक चोंदलं की माणसाचा 'न' 'द' होतो आणि 'म' 'ब' होतो. फोनवर ती वडिलांना विचारायची, "दादा, जेवलात का?" नाना पलीकडून खो खो हसायचे. "अगं, बाप आहे मी तुझा! भाऊ कधीपासून झालो?"

घरात हे हसण्यावारी जायचं. त्या वर्षी मात्र ते स्थानकावर घडलं.

बंदरावर एक नवी बोट पाण्यात सोडायची होती आणि तिथे वाजवायला एक बँड निघाला होता. पितळी वाद्यं, ढोल, लाल कोट, सगळा थाट. बंदराची गाडी नऊ नंबरला, डोंगराची दहाला. माईकताईने घसा खाकरून पुकारा केला, "बद्राकडे जाणारी गाडी फलाट क्रबांक दऊवर लागली आहे." बँडमास्तरचे कान आयुष्यभर ढोलाशेजारी उभं राहून आधीच अर्धे गेलेले. त्यांनी ऐकलं दहा. सगळी फौज ढोलासकट दहावर धावली आणि सुटणाऱ्या गाडीत घुसली. गाडीत गर्दी, झोप लागली, आणि जाग आली तेव्हा खिडकीबाहेर समुद्राऐवजी कडे आणि शेळ्या! बोट बिचारी वाद्यांविना पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर धाडधाड जिना चढून केबिनमध्ये आले. मागोमाग आगारप्रमुखही.

"बाई, काल तुम्ही नऊ म्हणालात की दहा?"

"दऊ," माईकताई म्हणाली.

"बघा! बघा साहेब!" बँडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "आता हे नऊ समजायचं की दहा?"

साहेब भला माणूस. त्यांनी बँडमास्तरांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मग खुर्ची ओढून बसले. "ताई, तुमचा दोष नाही हो. पण लोक भलत्याच डोंगरावर जायला लागले तर मला वर उत्तर द्यावं लागतं. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं मशीन येतंय. मोसम सरेपर्यंत तुम्ही सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसा. पुढचं पुढे."

ती खोली म्हणजे धुळीचं माहेर. बेवारस स्वेटर, एकेकटे बूट, कुबटलेल्या पिशव्या. तिथे बसून माईकताई शिंकत होती, आणि बाहेर कुणा परक्या बाईचा गुळगुळीत आवाज तिच्या गाड्या पुकारत होता. कुणी आपल्या घरात येऊन आपल्याच ताटात जेवावं, तसं तिला व्हायचं.

तिकीट खिडकीवरच्या मैत्रिणीने सुचवलं, "नाकातून पाणी घे. माझ्या नणंदेला फरक पडला." माईकताईने मागचापुढचा विचार केला नाही. घरी आली, मोरीत वाकली आणि ओंजळीत नळाचं थंड पाणी घेऊन जोरात ओढलं. मेंदूपर्यंत मिरच्या झोंबल्या! ती किंचाळली, तसा नवरा आतून धावत आला. तो आगाराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तिचं लाल नाक आणि गळणारे डोळे बघून तो म्हणाला, "अगं, रेडिएटरमध्येसुद्धा आम्ही असं कुठलंही पाणी घालत नाही!"

त्याच्या बोलण्यात दम होता. तिने मावशीला फोन लावला. मावशी हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. जिभेला धार, हाताला माया.

"नळाचं पाणी?" मावशी कडाडली. "नळाचं? शिकलीसवरलेली ना तू? ते पिण्यापुरतं ठीक. नाकात कच्चं पाणी कधी म्हणजे कधी घालायचं नाही, त्यातून नाही ते दुखणं मागे लागतं. हात लावू नकोस कशाला. मी येतेय."

आणि ती खरंच पहिल्या गाडीने आली. पिशवीतून तोटीचं छोटं भांडं काढलं, ते घासून उकळत्या पाण्याने धुतलं, पातेल्यात पाणी खळखळ उकळवलं आणि झाकून ठेवलं. माईकताई उतावीळ झाली होती. दर थोड्या वेळाने ती झाकण उचलायला जायची आणि मावशी तिच्या हातावर चापट मारायची. "निवू दे. कोमट हवं, मनगटावर थेंब टाकला तर कळूसुद्धा नये असं." मग तिने आयोडीन नसलेलं साधं मीठ मोजून घातलं, चिमूटभर खायचा सोडा घातला. "आसवं खारट असतात ना? आपल्या अंगातलं पाणीच खारट. म्हणून असं पाणी झोंबत नाही. कुणी याला जलनेती म्हणतं, आम्ही आपलं नाक धुणं म्हणायचो. चल, वाक बेसिनवर. मान वाकडी कर. अजून थोडी. आता तोंड उघडं ठेव आणि तोंडानेच श्वास घे. बोलायचं नाही, हसायचं नाही."

हसायचं नाही म्हटल्यावर तिला हसू फुटलं. पाणी घशात गेलं, ठसका लागला, मावशीच्या साडीवर फवारा उडाला. दारात उभा असलेला नवरा म्हणाला, "लीकेज आहे कुठेतरी."

"तू आधी बाहेर हो," मावशी म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने डोळे मिटले. तोंडाने श्वास घेत राहिली. वरच्या नाकपुडीत पाणी शिरलं. झोंबलं नाही, नुसतं कोमट, नाकाच्या मागच्या बाजूला काहीतरी सरकतंय असं वाटलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग खालच्या नाकपुडीतून थेंब, थेंब, थेंब, आणि एकदम धार!

तिने भांडं खाली ठेवलं. "मावशी! आली! धार आली!"

"बोलू नकोस म्हटलं ना. आता दुसरी बाजू."

दुसरी बाजूही झाली. मावशीने हळूच शिंकरायला लावलं. "नाकपुडी दाबून जोर करू नकोस, कानात दडे बसतील." माईकताई ताठ उभी राहिली, तोंड मिटलं आणि कित्येक दिवसांनी नाकाने लांब श्वास घेतला. हवा आत गेली! थंड, मोकळी, सरळ आत!

"नऊ," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "नऊ! नव्याण्णव! मनी! मैना! मामा-मामी!" ती घरभर म्हणत फिरली. आरशासमोर म्हणाली, खिडकीतून रस्त्याकडे बघून म्हणाली. शेजारीण बाल्कनीत येऊन विचारायला लागली, कसली आकडेमोड चाललीय. मग तिने फोन उचलला. "नाना!" एवढंच म्हणाली. "अगं बाळा," नाना म्हणाले, "आज मुलगी बोलली."

ही जादू नव्हती, हे संध्याकाळीच कळलं. वारा सुटला आणि नाक पुन्हा चोंदलं. पण मावशीने आधीच सांगून ठेवलं होतं, धुण्याने आत बसलेली पूड निघून जाते, ऍलर्जी जात नाही. तिने माईकताईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी नाक तपासलं, धुणं चालू ठेवायला सांगितलं आणि वर एक स्प्रे दिला. सकाळी निघताना आणि बाहेरून घरी आल्यावर, दर वेळी ताजं पाणी, धुतलेलं भांडं. रोज थोडं थोडं बरं वाटत गेलं. ती खोलीत बसल्या बसल्या हळू आवाजात गाड्या पुकारून बघायची. समोर श्रोते म्हणून बेवारस बूट.

साहेबांना ती सांगायला गेली. ते म्हणाले, "आनंद आहे. पण मशीन बसवलंय ना आता."

मग एका दुपारी वादळ आलं. एवढा वारा की फलाटाचे पत्रे थडथडले, आणि बाहेरचं एक भलंमोठं झाड मुळासकट उपटून गेटसमोर आडवं झालं. गाड्या निघणार कुठून? मागचं फाटक उघडलं, सगळे फलाट उलटेपालटे झाले. बंदराची गाडी तीनवर, डोंगराची नऊवर, हॉस्पिटलाची पार वर्कशॉपच्या दाराशी. आणि मशीन? मशीनमधली बाई तिच्या त्याच गुळगुळीत आवाजात जुनेच फलाट सांगत होती. लोक इकडून तिकडे पळत होते, सामान सांडत होतं, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. साहेबांनी मशीन बंद करून स्वतः माईक घेतला, पण ते तोंडाला इतका चिकटवून धरत की फक्त घरघर ऐकू येई.

माईकताई खोलीतून निघाली ती धावतच. गर्दीतून वाट काढत जिना चढली, धापा टाकत केबिनच्या दारात उभी राहिली.

"साहेब, सरका!"

साहेब सरकले. खाली वाहतूक नियंत्रक बोटांनी फलाट दाखवत होता. तिने नाकाने खोल श्वास घेतला.

"प्रवाशांनो, जिथे आहात तिथेच थांबा. कुणाचीही गाडी चुकणार नाही. मी सांगते, तसं निघा."

गर्दीने माना वर केल्या. ओळखीचा आवाज! गलका पाण्यासारखा ओसरत गेला.

"डोंगराकडे जाणारी गाडी आज फलाट क्रमांक नऊवर. नऊ! पुन्हा सांगते, नऊ!"

माणसं रांगेने नऊकडे निघाली. मग बंदर, मग हॉस्पिटल. वाऱ्यात पूड तर इतकी होती की खालचा नियंत्रक शिंकत होता, पण तिचा एकही शब्द अडखळला नाही. गाडी भरायची, हलायची, तिला नवा हुरूप यायचा, आणि ती पुढची पुकारायची. शेवटची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. वर्कशॉपच्या दारातून तिचा नवरा दोन्ही हात हलवत होता, एका हातात पाना तसाच.

साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "उद्यापासून वर बसा," ते म्हणाले. "रोजचं वेळापत्रक मशीन सांगेल. बाकी सगळं तुम्ही." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि ते भांडं कुठे मिळतं हो? आमच्या हिलाही फार त्रास आहे."

घरी पोचली तेव्हा घसा बसला होता, पाय दुखत होते, पण बोलणं थांबत नव्हतं. नवरा गॅसवर सूप ठेवून तिच्यासमोर बसला होता आणि ती हातवारे करून सगळं पहिल्यापासून सांगत होती. मधेच ती थांबली, मान वर केली, नाक फेंदारलं.

"अहो! करपतंय!"

तो स्वयंपाकघराकडे पळाला. ती खुर्चीत बसून तो करपल्याचा वास छातीभर घेत राहिली.