मुलीनंच केलंय

माझ्या मोठ्या नणंदेनं मला फसवलं. मला आणि माझ्या मुलीला. तिच्या नवऱ्याच्या साहेबांची बायको आणि त्यांचा अमेरिकेहून आलेला मुलगा यांना ती माझ्या घरी घेऊन आली. आम्हाला सांगितलं, ते मुलगी बघायला येताहेत. त्यांना सांगितलं, वहिनीकडे छान काहीतरी गोड खायला मिळेल. याला आता बरीच वर्षं झाली आणि आमच्या नात्यात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. म्हणून मी लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाशीला राहायचो. माझा लोणच्यांचा धंदा होता. घरच्या गॅलरीत सुरू केलेला, पुढे स्वतःच्या गाळ्यापर्यंत नेलेला. कैरी घ्यायला एपीएमसीच्या घाऊक बाजारात मी स्वतः जायचे आणि मला बघून व्यापारी कपाळाला हात लावायचे. "आली मावशी, आज धंदा नाही," असं एकानं तोंडावर म्हटलं होतं. कोणी मालाचं कितीही कौतुक करो, मी पेटी तळापर्यंत उपसून बघणार. नणंदेचं बोलणं मात्र मी वरवर बघूनच घेतलं, कारण ती घरची.

मुलीचं शिक्षण संपलं होतं आणि बघण्याच्या कार्यक्रमांना ती विटली होती. एका ठिकाणी तिला चालून दाखवायला लावलं, तेव्हापासून तिनं बंदच केलं होतं. अशात नणंदेचा फोन.

"तसली माणसं नाहीत गं ही. मोकळी आहेत. मुलगा तिकडे शिकला, त्याला तिकडचा एक पदार्थ भारी आवडतो, ब्लूबेरी कॉब्लर. तू तेवढा कर, बाकी मी बघते."

मुलीची मी किती मनधरणी केली ते माझं मला माहीत. शेवटी ती म्हणाली, "तुझ्यासाठी एकदा बसते, आई. पण यात काही घोळ झाला, तर माझ्या लग्नाचं परत मला विचारायचं नाही. कधीच."

मी हो म्हटलं. एवढी खात्री होती मला.

ब्लूबेरी वाशीत कुठून मिळणार? फळबाजारात विचारलं तर एक जण म्हणाला, "मावशी, त्याचं पण लोणचं घालता काय?" जून लागला होता, जांभळं आली होती. नणंद म्हणाली, "तीच घाल, रंग तोच." हुज्जत घालून टपोरी, काळीभोर जांभळं घेतली. कृती नणंदेनं फोनवर सांगितली. खाली फळं, साखर, लिंबू. वर मैदा, लोणी, बेकिंग पावडर आणि दुधाचा सैलसर गोळा, तोही चमच्यानं इथे थोडा तिथे थोडा टाकायचा. थापायचा नाही, सारखा करायचा नाही. आयुष्यभर पोळ्या लाटलेल्या हाताला हे जमेना.

आदल्या दिवशी करून बघितला. जांभळाच्या बिया काढून काढून बोटं निळी पडली, ओट्यावर डाग पडले, आणि आमच्या गोल ओव्हनच्या झाकणातल्या कॉइलनं वरचा थर कोळसा केला. आत जीभ जड होईल एवढं तुरट. मग अक्कल लढवली. जांभळं आधी साखर घालून गॅसवर शिजवली, चिमूटभर मीठ टाकलं, लिंबू वाढवलं. वरचं पीठ तांबूस होताच त्यावर स्टीलची ताटली उपडी घालायची.

कार्यक्रमाच्या दिवशी भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि लाईट गेली.

मी ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. झाकण उघडावं तर उष्णता जाईल, न उघडावं तर पीठ बसेल. मागे मुलगी साडीत उभी, मानेवर घामाच्या धारा.

"आई, पाव तरी आण खालून. जॅम आहेच तुझा."

"गप बस. गजरा सरळ कर."

लाईट आली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. नंतर त्याच देवाशी भांडले, तो भाग वेगळा.

पाहुणे आले. बाई खरंच मोकळ्या होत्या. मुलानं पहिला चमचा तोंडात घातला आणि आईकडे वळला. "आई, अगदी तिकडच्यासारखा. थोडा जास्तच चांगला."

"कोणी केला हो?" बाईंनी विचारलं.

मुलीच्या आया जे म्हणतात तेच मी म्हटलं. "मुलीनंच केलंय." पोहे आईनं केलेले असोत की शेजारणीनं, बघण्याच्या दिवशी ते मुलीनंच केलेले असतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी खोलात जात नाही. पण या बाई मुलगी बघायला आल्याच नव्हत्या. त्यांना ते खरं वाटलं.

"अय्या! मग तू ऑर्डर घेतेस का गं? याचा साखरपुडा आहे पुढच्या महिन्यात. मुलीकडच्यांना दाखवू तरी काहीतरी वेगळं!"

मी नणंदेकडे बघितलं. ती वाटीतलं जांभूळ चमच्यानं शोधत होती.

मुलीनं हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. "काकू, मला यातलं काही येत नाही. आईनं केलंय. मी फक्त साडी नेसले."

"म्हणजे?"

"अहो, आमच्या वहिनीला सवयच आहे," नणंद हसली, "सगळं लेकीच्या नावावर खपवायची."

बाईंनी साडी बघितली, गजरा बघितला, मांडलेल्या बशा बघितल्या. त्यांचा चेहरा उतरला. जाताना मुलीचा हात धरून म्हणाल्या, "बाळा, मला खरंच माहीत नव्हतं." त्यांच्यावर माझा राग नाही. नव्हता आणि नाही.

दार लागताच मी नणंदेला स्वयंपाकघरात गाठलं.

"वन्सं, मुलाचं ठरलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"ठरलेली लग्नं मोडत नाहीत का? म्हटलं, बघू."

"माझ्या पोरीला साडी नेसवून बघू?"

"आवाज खाली कर. सोसायटी आहे."

"ऐकू दे सोसायटीला!"

"ऑर्डर मिळत होती, तीही घालवलीस," असं म्हणून तिनं पर्स उचलली.

तिच्या नवऱ्याची महाप्याच्या कंपनीतून गुजरातला बदली ठरली होती. त्या भेटीनंतर साहेबांनी ती रद्द केली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

मुलीनं शब्द पाळला आणि मला पाळायला लावला. बंगलोरला नोकरी धरली. लग्न केलं ते मला झाल्यावर फोनवर कळलं. जावई चांगला आहे. पण अक्षता टाकायला माझे हात तिथे नव्हते.

आणि वन्सं, तुम्ही प्रत्येक मुंजी-बारशाला सांगता, "आमची वहिनी जांभळाच्या केकवर जावई गटवायला निघाली होती," आणि लोक हसतात. हे म्हणतात, जाऊ दे, वय झालं तिचं. वय माझंही झालं. मला तुमची माफी नको, माझ्याशी बोलूही नका. माझ्या मुलीला फोन लावा. त्या दिवशी तुम्ही तिला कोणासाठी बसवलंत, तुमच्या नवऱ्याच्या बदलीसाठी की तिच्या लग्नासाठी, हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगा. मी वाट बघतेय.