सजीव की निर्जीव

सर्दीने माझा आवाज पार बसला होता, म्हणून नववीच्या वर्गात मी फळ्यावर नुसता प्रश्न लिहिला, विषाणू सजीव की निर्जीव, आणि खुर्चीत बसून राहिले.

वर्गात लगेच दोन तट पडले. "तो खात नाही, श्वास घेत नाही, मग सजीव कसला?" समीर म्हणाला. "निर्जीव असता तर बाईंचा आवाज कसा घालवला असता?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तेवढ्यात खिडकीजवळच्या वैदेहीने हात वर केला. ही मुलगी जूनमध्ये आमच्या शाळेत आली, तेव्हापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी मानेनेच तिला बोल म्हटलं.

"दुसऱ्याच्या पेशीत शिरेपर्यंत, एकटा असताना त्याला काहीच करता येत नाही," ती हळू म्हणाली, "पण म्हणून तो निर्जीव, असं मला नाही वाटत. मलाही इथे आल्यापासून बोलता येत नव्हतं."

"पण तुला बोलायला दुसऱ्याची पेशी लागत नाही," समीर म्हणाला.

"दुसरं माणूस तर लागतंच ना," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

विषाणू सजीव-निर्जीवांच्या सीमारेषेवर असतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. ती रेषा ओलांडून कुणाला अलीकडे येताना मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. बरणीतलं बियाणं, सुकलेलं शेवाळ, असं कितीतरी आपल्याभोवती नुसतं वाट पाहत असतं.

घंटा झाली. दोघं वाद घालतच बाहेर पडली. वैदेहीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता.