पिंजाऱ्यानं वळलेली तार

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. यवतमाळच्या मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवत होते, आणि शाळा सुटली की मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंना मराठी शिकवायला जात होते. बाई पन्नाशीच्या आणि हट्टी. रोग्यांशी दुभाष्याशिवाय बोलायचंच, असा त्यांचा निश्चय होता. त्यामुळे पोट, काळीज, आतडं असले शब्द त्यांना आधी हवे असत. व्याकरण मात्र त्यांना काही केल्या जमत नव्हतं.

घरी आई, मोठा भाऊ आणि मी. वडिलांनी मला व्हायोलिन शिकवलं आणि ते गेल्यावर त्यांचं वाद्य माझ्याकडे आलं. दादा तबला वाजवायचा. गावातल्या संगीत मंडळाचा तो कार्यवाह होता. माझ्या साथीला बसायचा, पण "हिला मीच पुढे आणलं" हे चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

एकदा धडा संपल्यावर बाईंनी मायदेशाहून आलेली नवी रेकॉर्ड लावली. एक व्हायोलिन पुढे आणि मागे सारा वाद्यवृंद, असा त्यांच्याकडचा दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रकार होता. कॉन्चेर्तो म्हणतात त्याला. असलं संगीत मी त्यांच्याकडे आधीही ऐकलं होतं आणि खरं सांगायचं तर ते मला कधी भिडलं नव्हतं. ही रेकॉर्ड मात्र वेगळी निघाली. या व्हायोलिनच्या आवाजाला चकाकी नव्हती. जरा खरखरीत, ओलसर, गाणाऱ्याच्या गळ्यातून यावा तसा आवाज.

"बाई, ही तार पोलादाची नाही," मी म्हटलं.

त्यांनी वेष्टणावरचा मजकूर वाचून पाहिला. "बरोबर. जुना व्हायोलिन. ज्या काळाची संगीत, त्या काळाची वाद्य. तार आतड्याचा."

त्यातल्या संथ भागात व्हायोलिन एकच सूर लांबवर धरून ठेवायचं आणि बाकीची वाद्यं त्याच्याखालून हळूहळू चालत जायची. त्या महिन्यात तो भाग मी इतक्यांदा ऐकला की शेवटी बाईंनी सुई कशी ठेवायची ते मलाच शिकवून टाकलं. घरी येऊन माझ्या तारांवर गज फिरवला की दातांवर चमचा घासल्यासारखं वाटे.

दिवाळीनंतर गाद्या पिंजायला दारव्ह्याचे एक पिंजारी चाचा दरवर्षी आमच्याकडे येत. मागच्या अंगणात बसून ते पिंजणाच्या धनुकलीवर ताणलेली तात ठोकत आणि कापूस भुरभुर उडे. त्या वर्षी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"चाचा, ही तात कशाची असते?"

"बकऱ्याच्या आतड्याची, बाई. मीच वळतो. काहून?"

मी व्हायोलिन आणून दाखवलं. त्यांनी तारेला नख लावून पाहिलं, बोटांच्या चिमटीत तिची जाडी जोखली.

"हे तं सुतावानी बारीक पायजे. अशी कधी केली नाही. करून पाह्यतो."

पहिल्या तारा खुंटी पिळता पिळताच तुटल्या. चाचा छोट्या रुळांच्या आगगाडीनं यवतमाळला आले की नव्या तारा घेऊन येत आणि तुटलेल्या परत नेत. शेवटी मी बाईंना विचारून त्यांना रेकॉर्ड ऐकायला घेऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसून, डोळे मिटून त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. मला वाटलं, आता वा म्हणतील.

"त्याइनं पीळ कसून देला, पन वाळवली सावलीत," ते म्हणाले. "मी उन्हात वाळवून राह्यलो. थेच चुकून राह्यलं."

त्यानंतरच्या तारा टिकल्या. बारीक तार चढवून मी पहिला सूर काढला तेव्हा घरात कोणी नव्हतं, चाचा अंगणात कापसाच्या ढिगाशी उभे होते. मला रडू आलं होतं आणि त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

घरी मात्र मी सांगितलं की तारा डॉक्टरीणबाईंकडून आल्या. खरं सांगायला मी घाबरले, दुसरं काही कारण नव्हतं.

संक्रांतीच्या आधी मंडळानं माझं वादन ठेवलं. हॉल भरला होता. चाचांना मीच बोलावलं होतं. धुतलेला सदरा घालून ते दाराशी उभे होते. वादन उत्तम झालं, हे मी स्वतः म्हणते. संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष, गावातले नामांकित वकील, उठून व्यासपीठाशी आले.

"काय गोड आवाज! तारा कुठल्या म्हणायच्या?"

दादानं तबल्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विलायतेच्या," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी मागवून दिल्या."

"तरीच!" वकीलसाहेब म्हणाले आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी दाराकडे पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

संक्रांतीला बाई तिळगूळ घ्यायला आमच्या घरी आल्या. दादानं मोठ्या अदबीनं त्यांचे आभार मानले. एवढ्या लांबून तारा मागवल्यात, म्हणाला. बाई मनापासून हसल्या.

"नाही, नाही! विलायतेची नाही, दारव्ह्याची! बकऱ्याच्या आतड्याची तार. पिंजारी चाचांनी स्वतः वळली."

एकही चूक नव्हती. मी शिकवायला लागल्यापासून इतकं शुद्ध मराठी त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या, आणि कौतुकासाठी माझ्याकडे बघत होत्या.

त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत दादा हसतमुख होता. मग त्यानं पानाच्या डब्यातला अडकित्ता उचलला.

"बाबांच्या वाद्याला बकऱ्याचं आतडं! अन् तेही त्या पिंजाऱ्याच्या हातचं!"

"अगं, देवघरापाशी ठेवत होतीस ना ते!" आई म्हणाली.

त्यानं चारही तारा एकेक करून तोडल्या. तारांना आधार देणारी घोडी निसटून खाली पडली. आत काहीतरी खडखडलं. व्हायोलिनच्या पोटात एक लहानशी लाकडी काडी उभी असते, ती आवाज वाहून नेते. तारांचा ताण जाताच ती आडवी झाली होती. ती पुन्हा उभी करणारा कारागीर गावात नव्हता.

"दादा, तबल्याची पुडी कशाची असते?" मी विचारलं.

"तबल्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

"तोंड वर करून बोलू नको."

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तो रियाजाला बसला. बकऱ्याच्या कातड्यावर तासभर थाप देत होता, आणि मी आत भाकऱ्या करत होते.

पुढच्या रविवारी मी दारव्ह्याला गेले. चाचा ओट्यावर काम करत होते. सुनेनं पाणी दिलं. मी घडलं ते सगळं सांगितलं. तारा तुटल्याचं ऐकून त्यांनी हात थांबवला, पण चेहरा हलला नाही.

"मी चुकले, चाचा."

"हौ," ते म्हणाले.

असू द्या, जाऊ द्या, असलं काही ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला अधिक लाज वाटली असती. मग म्हणाले, "माहं नाव घ्या असं मी म्हनलो नोतो. दारव्ह्याची तार, येवढंच म्हनलं असतं तं का झालं असतं?"

तरी निर्लज्जासारखं मी विचारलं, वाद्य दुरुस्त झालं तर आणखी चार तारा मिळतील का?

"नाही बाई. थे काम सोडलं म्या. डोये ताणून ताणून करा, अन् कायले?"

त्यांनी पिंजण उचललं. कापूस उडू लागला तशी मी उठले. त्यानंतर आमच्या गाद्या पिंजायला दुसराच माणूस येऊ लागला.

बाईंची बदली झाली. मंडळानं मला पुन्हा बोलावलं नाही, का ते कोणी सांगितलं नाही, आणि शाळेत प्रार्थनेची पेटी वाजवण्यापुरतं माझं संगीत उरलं. दादा मात्र मंडळाचा अध्यक्ष झाला. त्या वर्षी त्यानं वडिलांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम केला. व्यासपीठावर चौरंगावर त्यांचं व्हायोलिन ठेवलं होतं. त्याला तारा नव्हत्या, पण झेंडूचा हार होता. वडिलांचा वारसा आपण कसा जपला यावर तो बराच वेळ बोलला आणि मग समई लावायला त्यानं मला बोलावलं.

मी लावली. खाली येऊन बसले तेव्हा शेजारी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा."

मी मान डोलावली.